परसातले पक्षी परत यावेत म्हणून

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ सुरत शहराच्या वेशीवर, तापी नदी ओलांडण्यापूर्वी, कामरेजला लागतो. गाव पुरातन आहे. येथील उत्खननात इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील सागरी व्यापाराचे अवशेष सापडले आहेत. आज मात्र कामरेज ओळखले जाते ते चौरस्त्यासाठी आणि त्या चौरस्त्याभोवती उसाची शेते हटवून उभ्या राहिलेल्या निवासी वसाहतींसाठी. दक्षिण गुजरातचा हा पट्टा सहकारी साखर कारखान्यांचा. उसाला पाटाचे पाणी, बांधावर बाभूळ, कडुनिंब आणि शिंदी, अशी इथल्या शेतीची जुनी ठेवण. शिंदीच्या झावळ्यांना सुगरणीची घरटी लोंबत आणि ती विणण्यासाठी लागणारे धागे सुगरण उसाच्या नाहीतर भाताच्या पात्यातून चिरून काढी. ऊसतोडणी सुरू झाली की उडालेले किडे टिपायला कोतवाल, गायबगळे आणि साळुंक्या मागे येत. शेत बिनशेती झाले की पहिल्यांदा बांध जातो आणि बांधाबरोबर हा सारा संसार उठतो.

अशा वसाहतींतील घरांना बाग नसते असे नाही. सारखी कापलेली मेक्सिकन हिरवळ, ओळीने लावलेले बॉटल पाम, कात्रीने गोल केलेली फायकसची झुडपे, कडेला क्रोटन. डोळ्यांना ती हिरवी दिसते. पक्ष्याच्या दृष्टीने ती ओसाडच असते, कारण तिथे खाण्याजोगा किडा नाही, फळ नाही, मध नाही आणि घरट्याला आडोसाही नाही. गोव्यातील वाचकाला हे चित्र परके वाटू नये. कौलारू घर पाडून सपाट गच्चीचे घर बांधणे, परसातली केळ आणि कढीनिंब काढून तिथे पेव्हर बसवणे हे आपल्याकडे पर्वरीपासून मडगावपर्यंत सर्वत्र चालले आहे. पक्षी कमी झाल्याची हळहळ मात्र दोन्हीकडे सारखी ऐकू येते.

कामरेजचे उदाहरण मुद्दाम घेण्याचे कारण वेगळे आहे. पक्ष्यांवर गुजरातइतकी सार्वजनिक माया करणारा प्रांत देशात क्वचितच असेल. गावोगावी पाखरांना दाणे टाकण्यासाठी बांधलेले चबुतरे, त्यांवरचे कोरीव काम, दाण्यासाठी ठेवलेला धर्मादाय निधी ही तिथली जुनी परंपरा. उत्तरायणाला, म्हणजे १४ जानेवारीच्या सुमारास, मांजाने जखमी होणाऱ्या पक्ष्यांसाठी राज्य सरकार २०१७ पासून ‘करुणा अभियान’ चालवते. पक्षी घरट्यांतून निघण्याच्या आणि परतण्याच्या वेळा टाळाव्यात म्हणून सकाळी नऊपूर्वी आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग न उडवण्याचे आवाहन केले जाते. हिवाळ्यात तापीवर उतरणाऱ्या कुरव पक्ष्यांना शेव-गाठिया टाकण्याची हौस सुरतेत आहे. ही माया खरी आहे, तरीही तिच्यामुळे बागेतला दयाळ किंवा शिंपी परत येत नाही. चबुतऱ्यावर गर्दी होते ती पारव्यांची. गाठिया तर कोणत्याच पक्ष्याचे अन्न नव्हे. तळलेले, खारट पीठ कुरवाला अपायच करते.

दाण्याचा हिशेब

दाणा टाकला की पक्षी येतात, हा सर्वसाधारण समज अर्धा खरा आहे. दाणा टाकल्यावर दाणे खाणारे, माणसाला न भिणारे आणि झुंडीने राहणारे पक्षी येतात, म्हणजे मुख्यतः पारवे. त्यांचा वंश वाढतो, बाकीच्यांना जागा उरत नाही. मुंबईत हा प्रश्न २०२५ मध्ये रस्त्यावर आला. राज्य शासनाने जुलैमध्ये शहरातील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश दिले, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचले. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते, असे वैद्यकशास्त्र सांगते. दुसऱ्या बाजूला भूतदयेची शतकांची सवय. या वादात एक गोष्ट फारशी कोणी बोलले नाही. पारव्याला आपल्या दाण्याची गरजच नव्हती. देशातील पक्ष्यांचा आढावा घेणाऱ्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालाच्या २०२३ च्या आवृत्तीत पारवा वाढत्या पक्ष्यांच्या यादीत आहे.

तोच अहवाल बागप्रेमींनी लक्षपूर्वक वाचावा असा आहे. त्यात ९४२ जातींची पाहणी आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला, त्यांपैकी ६० टक्के जाती घटल्या आहेत. फळे आणि मध यांवर जगणाऱ्यांची स्थिती तुलनेने बरी, तर मांसाहारी आणि कीटकभक्षी पक्ष्यांची घसरण अधिक. चिमणीविषयी मात्र आपली समजूत थोडी दुरुस्त करावी लागते. याच उपक्रमाच्या २०२० च्या अहवालानुसार गेल्या पंचवीस वर्षांत देशभरातील चिमण्यांची संख्या साधारण स्थिर राहिली. घट दिसली ती मुंबई, दिल्ली, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता या महानगरांत. म्हणजे चिमणी नामशेष होत नाही, ती आपण बांधलेल्या घरांतून निघून जाते. जागतिक चिमणी दिन ही कल्पना आपल्याच नाशिकची. मोहम्मद दिलावर यांच्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’ने २०१० मध्ये २० मार्चला तो प्रथम साजरा केला.

चिमणी दाणे खाते हे सर्वांना ठाऊक असते. पण तिची पिल्ले पहिल्या काही दिवसांत दाणे पचवू शकत नाहीत. त्यांना मऊ अळ्या आणि किडे लागतात. मध पिणारा शिंजीर पिल्लांना कोळी आणि किडे भरवतो. फळे खाणारा बुलबुलही सुरुवातीला कीटकच आणतो. बागेत पक्षी येणे आणि बागेत पक्षी वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी अळी हवी. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराच्या परिसरातील घरगुती बागांवर झालेले आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन या बाबतीत डोळे उघडणारे आहे. डेझिरे नारांगो, डग्लस टॅलमी आणि पीटर मारा या संशोधकांनी चिमणीहून लहान अशा चिकाडी पक्ष्याची वीण तिथे अभ्यासली. ज्या बागांतील झाडोऱ्यात स्थानिक झाडांचे प्रमाण ७० टक्क्यांहून कमी होते, तिथे या पक्ष्याची संख्या टिकत नव्हती. खाद्य मिळत होते, पण पिल्ले पुरेशी जगत नव्हती, कारण परदेशी झाडांवर अळ्या कमी होत्या. एका विणीतील पिल्ले वाढवायला या पक्ष्याला हजारो अळ्या लागतात. चिकाडी आपल्याकडे नाही. पण तिच्या जागी शिंपी किंवा दयाळ ठेवून पाहिला तर तर्क तोच लागू पडतो.

तेव्हा लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली की फवारा उचलण्याआधी थोडे थांबावे. ती फुलपाखराची अळी असते आणि तिच्यावर कोणाचा तरी संसार चालणार असतो. ज्याला एकही पान कुरतडलेले चालत नाही, त्याने पक्ष्यांची अपेक्षा ठेवू नये.

काय लावावे

उत्तम नमुना पाहायला गोमंतकीयाला दूर जावे लागत नाही. फोंडा, सत्तरी, सांगेकडची कुळागरे पाहावीत. वर माड आणि पोफळी, त्यांवर चढलेली मिरवेल, मधल्या थरात जायफळ आणि केळ, खाली अननस, हळद, आळू, आणि पायाशी ओल धरणारा पाचोळा. प्रत्येक थराला त्याचा पक्षी आहे. शेंड्यावर हळद्या आणि कुटुरगा, मधल्या फांद्यांत नाचण आणि बुलबुल, केळफुलावर शिंजीर, जमिनीवर भारद्वाज, सातभाई, हिवाळ्यात नवरंग. दोनशे चौरस मीटरच्या परसात कुळागर उभे करता येणार नाही, पण थर उभे करता येतात. एक मध्यम उंचीचे झाड, चार-पाच झुडपे, एखादी वेल आणि एक कोपरा न झाडलेला, एवढ्यावर सुरुवात होते.

मधासाठी साधी, एकेरी पाकळ्यांची लाल जास्वंद, अडुळसा, धायटी आणि केळ पुरेशी आहेत. दुहेरी पाकळ्यांच्या संकरित फुलांत मध कमी किंवा चोचीला न पोहोचणारा असतो. जागा मोठी असेल तर पांगारा किंवा काटेसावर लावावी. माघ-फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर फुले आली की कावळ्यापासून कोतवालापर्यंत सारे तिथे हजेरी लावतात. कामरेजकडे आणि आपल्याकडेही हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्या या झाडांवर थव्याने उतरतात. फळांसाठी कढीनिंबाइतके सोयीचे झाड नाही. त्याची काळी पिकलेली फळे बुलबुल आणि कोकिळा आवडीने खातात, आणि स्वयंपाकघराला पाने मिळतात ती वेगळीच. तुती, पेरू, करवंद, जांभूळ आहेतच. उंबराचे झाड लावायचे तर घराच्या पायापासून दूर. पण एकदा वाढलेला उंबर वर्षातून अनेकदा फळतो आणि तांबट, कुटुरगा, हळद्या यांना दुसरे आमंत्रण लागत नाही. घाणेरीची फळेही पक्षी खातात म्हणून ती लावण्याचा मोह होईल. तो टाळावा, पक्षीच तिचे बी रानभर पसरवतात आणि ती रान गिळते.

बांडगुळाविषयी एक शब्द. आंब्यावरचे बांडगूळ माळी पहिल्यांदा तोडतो, आणि ते फार झाले तर तोडावेच. पण त्याच्या नळीसारख्या फुलांतला मध आणि चिकट फळे यांवर फुलटोच्या हा आपला सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक जगतो, आणि बांडगुळाचा प्रसारही तोच करतो. मोठ्या झाडावर एखादे बांडगूळ राहिले तर झाड मरत नाही.

दाणा टाकायचाच असेल तर बागेतच उगवावा. एका वाफ्यात बाजरी किंवा नाचणी पेरून कणसे तशीच सोडली की मुनिया स्वतः येऊन सोलून खातात. उघड्यावर ठेवलेला दाणा आपल्या पावसात दोन दिवसांत बुरशी धरतो आणि ती बुरशी पक्ष्यांना मारते. मीठ घातलेला भात, पाव, फरसाण यांपैकी काहीही ठेवू नये.

पाणी आणि घरटे

पाण्याला मात्र पर्याय नाही. झटपट फळ देणारा उपाय एकच सांगायचा तर तो हा. मातीचे पसरट, खरखरीत भांडे घ्यावे. खोली दोन ते पाच सेंटिमीटरच, कारण बहुतेक लहान पक्षी उभे राहून आंघोळ करतात. मध्ये एक दगड ठेवावा. भांडे झुडपापासून दोनेक मीटर अंतरावर असावे, म्हणजे पक्ष्याला पळायला आडोसा जवळ राहतो, पण दबा धरलेल्या मांजराची उडी पोहोचत नाही. पाणी रोज बदलावे आणि भांडे काथ्याने घासावे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो; नुसते पाणी ओतून ती जात नाहीत. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, तेव्हा रोज घासलेल्या भांड्यापासून भीती नाही. महिनाभर विसरलेल्या भांड्यापासून आहे.

घरट्यांच्या बाबतीत लोक पेट्या टांगतात आणि वर्षभर वाट पाहून निराश होतात. पेटी फक्त त्याच पक्ष्यांना चालते जे बिळात, ढोलीत किंवा भिंतीच्या फटीत घरटे करतात: चिमणी, दयाळ, साळुंकी. चिमणीसाठी भोक साधारण साडेतीन सेंटिमीटर व्यासाचे, दयाळासाठी पाच-सहा. भोकाखाली पेटीची खोली पंधरा सेंटिमीटर तरी हवी, तळाला पाणी निथळायला छिद्रे हवीत, आणि भोकापुढे बसायला दांडी मुळीच नको; तिचा उपयोग कावळ्यालाच होतो. पेटी अडीच-तीन मीटर उंचीवर, दुपारच्या उन्हापासून आणि नैर्ऋत्येच्या झडीपासून पाठ फिरवून लावावी. गोव्यातल्या जुन्या घरांत हे सारे कौलांखालच्या वाशांनी आणि चिऱ्याच्या भिंतीतल्या फटींनी आपोआप दिले होते. नवे घर बांधताना छपराच्या कडेला चार पोकळ विटा सोडल्या तर पेटी विकत आणावी लागत नाही.

शिंपी, शिंजीर, बुलबुल यांना पेटीचा काही उपयोग नाही. शिंपी रुंद पानांच्या झुडपात, बहुधा माणसाच्या कमरे-छातीच्या उंचीवर, पानाच्या कडा कापसाच्या आणि कोळिष्टकाच्या धाग्यांनी शिवून घर करतो. शिंजिराचे लोंबते घरटेही कोळिष्टकानेच बांधलेले असते. व्हरांड्याच्या कोपऱ्यातली सगळी जाळी दिवाळीला काढली तरी मागच्या बाजूची थोडी राहू द्यावीत. झुडपांची छाटणी मार्च ते सप्टेंबर या काळात करूच नये; करावीच लागली तर आधी हाताने फांद्या बाजूला करून पाहावे.

वठलेला माड हा आपल्याकडचा दुर्लक्षित ठेवा. तो घरावर किंवा वाटेवर पडण्याची भीती असेल तर काढावाच. पण परसाच्या टोकाला असेल तर उभा राहू द्यावा. सुतार त्यात बीळ कोरतो, तो सोडून गेला की पोपट राहतो, मग साळुंकी, मग पिंगळा. तांबटाला शेवग्याची किंवा पांगाऱ्याची मेलेली, मऊ फांदी लागते. तिच्या खालच्या बाजूला तो गोल दार करतो. ‘स्वच्छ’ बागेत अशी फांदी कधीच नसते.

जे पक्षी येतात त्यांना मारू नये

बाग उत्तम झाली आणि तिच्यापुढे आरशासारखी काच असली, तर ती बाग सापळा ठरते. काचेत झाड दिसते आणि पक्षी वेगाने आदळतो. गरुडाचे एकच चित्र चिकटवून काही होत नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके किंवा दोऱ्या हव्यात. पाळीव मांजर पहाटे आणि संध्याकाळी घरात ठेवावे. उंदरांसाठी मिळणाऱ्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्या घुबडांचाही बळी घेतात: विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि गव्हाणी घुबड त्याला उचलते. एक गव्हाणी जोडी पिल्लांसाठी रात्रीत कित्येक उंदीर मारते. तिला मारून उंदीर कमी करण्याचा हा व्यवहार कोणत्याच हिशेबात बसत नाही. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, तरी तो झाडात अडकलेला सापडतो. दिसेल तेव्हा काढून जाळीत न टाकता तुकडे करून कचऱ्यात द्यावा.

पक्षी आणण्याचा सर्वांत वाईट मार्ग म्हणजे ते विकत आणून सोडणे. देशी पोपट, मुनिया पकडणे, विकणे आणि पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि ‘सोडून देण्यासाठी’ विकत घेणारा गिऱ्हाईकच पारध्याचा धंदा चालवत असतो.

पहिल्या वर्षी काय अपेक्षा ठेवावी? पाणी ठेवल्यापासून काही आठवड्यांत साळुंकी, बुलबुल, चिमणी येतात, ती जवळपास असतील तर. अडुळसा-जास्वंद फुलल्यावर शिंजीर. शिंप्याला झुडपे दाट होईपर्यंत दोन पावसाळे लागतात. हळद्या, कुटुरगा यांना झाड मोठे व्हावे लागते आणि शेजाऱ्यांच्या परसातही झाडे असावी लागतात; एकट्या घराच्या हातात ते नाही. आपला राज्यपक्षी, लाल कंठाचा पिवळा बुलबुल, मुळात घाटाच्या रानाचा रहिवासी. सत्तरी-सांगेच्या रानालगत राहणाऱ्यांनी त्याची आशा धरावी, पणजीकरांनी नाही.

कोण आले याची नोंद ठेवणे उपयोगाचे असते. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही जागतिक गणना होते. भारतात ती २०१३ पासून चालते. आपल्या अंगणात किमान पंधरा मिनिटे बसून दिसलेले आणि ऐकू आलेले पक्षी ‘ई-बर्ड’वर नोंदवायचे. वर उल्लेखिलेले अहवाल अशाच हौशी नोंदींवर उभे आहेत. ज्यांना नावे येत नाहीत त्यांनी पहिल्या वर्षी पाचच पक्षी नीट ओळखावेत.

आणि विणीच्या दिवसांत अंगणात पिसे फुटलेले, धड उडता न येणारे पिल्लू सापडले तर ते घरात आणू नये. बहुतेक वेळा ते घरट्यातून पडलेले नसते, उडायला शिकत असते, आणि आईबाप जवळच्या फांदीवर चोचीत अळी धरून माणूस हटण्याची वाट पाहत असतात. मांजराचे भय असेल तर उचलून दाट झुडपात ठेवावे. हात लावल्याने आई टाकून देते ही समजूत खोटी आहे. मग तासभर दुरून पाहावे. पंख मोडलेला असेल, रक्त येत असेल, तरच पुठ्ठ्याच्या, भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून वनखात्याला कळवावे. तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.